मधली पात

साहेबराव सर आमच्या शाळेवर पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी मलाच विचारलं, "सुलेखा मॅडम कुठं बसतात?"

मी हापशावर दुसरीतल्या एका पोराचं नाक धूत होते. ओढणी कमरेला बांधलेली, दोन्ही हात ओले.

"मीच," मी म्हणाले.

त्यांनी मोटारसायकल लिंबाखाली लावली, डोक्याचा रुमाल सोडला आणि तोंड पुसलं. "मी तुमचा मार्गदर्शक. लई आत आहे हो शाळा. दोनदा रस्ता चुकलो."

"कुण्या पोराला विचारायचं सर. हातातलं टाकून आणून सोडतात."

त्यांचं नाव मला तीन वर्षांपासून पाठ होतं. शिक्षणसेवक म्हणून रुजू झाले त्याच आठवड्यात केंद्राचा कागद आला होता. आसपासच्या चौदा शाळा मिळून आमचं केंद्र. त्यात ठरलेलं असं, की नव्या शिक्षकाच्या वर्गात एका जुन्या शिक्षकानं येऊन बसायचं, चुकलं ते सांगायचं, स्वतः शिकवून दाखवायचं. तीन वर्षांत बारा भेटी. त्या झाल्या, शेवटचा पाठ सगळ्या केंद्रासमोर झाला, आणि मार्गदर्शकानं शिफारस लिहिली की फाईल पुढं जाते आणि माणूस कायम होतो. पहिल्या वर्षी मी त्यांना चार वेळा फोन केला. एकदा ते निवडणुकीच्या कामात होते, एकदा लग्नात. दोनदा उचलला नाही. पाचव्यांदा मी केला नाही.

आमच्या शाळेत ऑफिस म्हणजे पहिली-दुसरीच्या वर्गातलं एक कपाट, एक टेबल आणि दोन खुर्च्या. मुख्याध्यापक कडुबा सर मोबाईलवर कसलीशी माहिती भरत होते. त्यांनी मान वर न करता "या या" केलं. साहेबराव सरांनी पिशवीतून निळ्या पुठ्ठ्याची वही काढून माझ्यासमोर ठेवली.

"तुम्हाला तरास नको म्हणून सगळं भरून आणलंय. पेन्सिलीनं हाय. तुम्ही वरून पेन गिरवा, म्हंजी अक्षर तुमचं दिसंल. खाली सही. झालं."

मी वही उघडली. बारा रकाने. तारीख, काय पाहिलं, काय मार्गदर्शन केलं. पेन्सिलीचं अक्षर वळणदार होतं, शिक्षकाचंच. 'आसनव्यवस्थेबाबत मार्गदर्शन केले.' 'फलक लेखनाबाबत मार्गदर्शन केले.' सातव्या भेटीची तारीख होती एकोणीस मार्च. त्या दिवशी मी दवाखान्यात होते. सायली झाली तो दिवस.

"सर, ही तारीख..."

"तारखेचं काय एवढं? बदला ना. पेन्सिल हाय म्हणूनच." ते हसले. वाईट हसणं नव्हतं. दमलेल्या माणसाचं होतं. "शुक्रवारी पाठ. पूर्ण केंद्र येतंय, केंद्रप्रमुख पण. वर्ग किती तुमचा?"

"तिसरी-चौथी मिळून तेवीस."

"न वाचणारी किती?"

"पाच."

"त्यांना शुक्रवारी सुट्टी द्या. कपाशीचे दिवस हायेत, तशी बी कुठं असतात ती वर्गात?" ते कडुबा सरांकडं वळले. "सर, तेवढं बघा."

"सांगतो की त्यांच्या घरी," कडुबा सर म्हणाले. बोट मोबाईलवर चालूच.

"ती असतात वर्गात," मी म्हणाले. "ह्या वर्षी असतात. तीच पाच तर माझा पाठ आहेत सर."

आणि नेमकं तेव्हाच मला छातीत ती ओढ जाणवली. साडेबाराची वेळ. तिकडं शेतात सायली उठली असणार. कुर्त्यावर दोन ओले गोल उमटले. साहेबराव सरांची नजर पटकन खिडकीकडं गेली, म्हणजे त्यांना दिसलं होतं. मी वही छातीशी धरली. अर्ध्या वर्गात पोरं, दोन पुरुष, आणि मी वहीच्या आड उभी. जे बोलायचं होतं ते तिथंच राहिलं.

"वाईट वाटून घेऊ नका मॅडम," जाताना ते म्हणाले. "माझ्या पाठाला बी असंच केलं होतं. पंचवीस वर्षं झाली. रीत हाय ही. वही तुमच्यापाशीच ठेवा, शुक्रवारी द्या."

*

माझ्या सासूबाई, मनकर्णाबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्या दिवस मावळायला रानातून आल्या, कडेवर सायली, डोक्यावर पाण्याची रिकामी कळशी. नऊ महिन्यांच्या पोरीचं तोंड उन्हानं रापलेलं, कानात कापसाचा तंतू. मी हात न धुताच तिला घेतलं. ती अशी लुचली की मला दाराच्या चौकटीला टेकावं लागलं.

"लई रडली का?"

"नाय. बाभळीला झोका बांधला, पाखरं बघत पडली. दुपारी मातर बोट चोखायली. तांदळाचं पाणी पाजलं."

बाभूळ म्हटलं की मला काटे दिसतात. झोका म्हटलं की खाली विंचू. रोज सकाळी स्कूटीवर तीन किलोमीटर जाताना माझ्या डोळ्यांसमोर तेच असतं, आणि शाळेचं फाटक उघडलं की मी ते तिथंच ठेवते, संध्याकाळी परत उचलते. आत्याबाईंना हे कधी बोलले नाही. त्यांनी त्याच बाभळीखाली तीन पोरं वाढवली.

चहा पिताना मी वहीचं सांगितलं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे, त्याच्या खाली त्यांनी माझं पदवीचं प्रमाणपत्र काच लावून टांगलंय. त्या वहीकडं न बघता त्या काचेकडं बघत होत्या.

"पेन्सिलीनं काहून लिवलं?"

"मी वरून गिरवायचं म्हणून."

"तू पयलीत हायस का?"

मी वही पिशवीत सारली.

फोनवर माझ्या नवऱ्यानं, राजकुमारनं, वेगळं सांगितलं. तो वाळूजला कंपनीत आहे, आठवड्यातून एकदा घरी. "सुलेखा, सही करून टाक ना. तीन वर्षं काढली, आता चार ओळींसाठी काय अडून बसायलीस? कायम झाली की पुंडलिकनगरला खोली बघू. तुझी आई जवळ. सायली उन्हातान्हात नको." मागं मशीनचा आवाज होता, म्हणून तो ओरडून बोलत होता. खरं तर मशीन नसती तरी ओरडला असता. शहरातलं पुंडलिकनगर माझंच माहेर. गच्ची, नळाचं पाणी, आईची मांडी. त्यानं बरोब्बर तिथंच बोट ठेवलं होतं.

"विचार करते," मी म्हणाले.

विचार कसला करणार? मला सारखी पहिल्या वर्षाची आठवण येत होती.

तेव्हा पाच दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं, शहरातल्या एका हॉलमध्ये. पडद्यावर चित्रं आली आणि गेली. सांगितलं, मुलांचे स्तरानुसार गट करा. मी आले आणि केले. वाचणारी पुढं, अडखळणारी मधी, न वाचणारी पाच दारापाशी. गटांना फुलांची नावं दिली, पण आठ दिवसांत पोरांनी त्यांची खरी नावं ठेवली. दारापाशी बसणाऱ्यांना 'दारवाले' म्हणायचे. आणि झालं असं, की कापसाला बोलवायला कुणी फाटकात आलं की दारवाले आधी उठायचे. त्यांना कुणाला ओलांडावं लागत नव्हतं. त्यांचं दप्तरही हलकं असायचं. दिवाळीपर्यंत ती जागा रिकामी झाली. मी हजेरीपटावर आडव्या रेघा ओढत राहिले आणि घरी येऊन मोरीत रडायचे.

मग पुढच्या पावसाळ्यात एका रविवारी आमच्या अद्रकीची खुरपणी होती. आत्याबाईंची सहा बायांची सावड आहे, एकमेकींच्या रानात पाळीनं राबतात. मी पण गेले. मला वाटलं मला बांधाकडची सोपी पात देतील, नव्या बाईला कडेला. खुरपताना प्रत्येकीनं आपल्या वाट्याचा पट्टा धरून पुढं सरकायचं, ती तिची पात. आत्याबाईंनी मला मधी बसवलं. डावीकडं त्या, उजवीकडं धुरपदामावशी.

"मी मागं राहीन," मी म्हणाले.

"राह्य की."

राहिलेच. दहा हातांत मांड्या भरून आल्या, खुरपं मूठभर मातीऐवजी अद्रकीच्या कोंबाला लागलं. एक कोंब तुटला. मी गप्प दाबून टाकला. दोघी पुढं गेल्या नाहीत. आत्याबाईंनी आपली पात खुरपता खुरपता माझ्या पातीतलं हातभर गवत ओढलं. पलीकडून धुरपदामावशीनं हातभर. मधला पट्टा मला ठेवला. बोलणं त्यांचं भलतंच चालू होतं, कुणाच्या तरी म्हशीचं.

"सगळंच काढा ना मग," मी वैतागून म्हणाले.

"सगळं काढलं तर तू काय करशील? बसून ऱ्हाशील." आत्याबाई खुरपं न थांबवता म्हणाल्या. "नवीला कधी कडंला लावायचं नाय. कडंला लावली का मागं ऱ्हाती, मागं ऱ्हायली का बांधावर जाऊन बसती. मधी असली म्हंजी दोन्हीकडून ओढ बसती. पर तिची पात तिनंच काढायची. आपण हातभर उचलायचं, बास."

"अन् तो कोंब पुरलास तो दिसला बरं का," धुरपदामावशी म्हणाली, आणि सहाही बाया हसल्या.

सोमवारी मी दारवाल्यांना उठवलं. दोन वाचणाऱ्यांच्या मधी एक, असं बसवलं. नियम एकच, शेजाऱ्यानं अडलेल्या शब्दाचं पहिलं अक्षर द्यायचं. पूर्ण शब्द सांगितला तर शेजारी बाद. अर्धं वर्ष नुसता गोंधळ झाला. तरी त्या वर्षी कापसाच्या दिवसांत अशा पोरांतली दोन टिकली. ह्या वर्षी पाचही. फाटकात कुणी बोलवायला आलं तर त्यांना दोघांना ओलांडावं लागतं, आणि ओलांडताना शेजारी पाय धरतो.

*

गुरुवारी रूपा आली नाही.

चौथीतली. गेल्या वर्षी माझ्या वर्गात आली तेव्हा तिला स्वतःचं नाव ओळखता येत नव्हतं. आता ती वाचते, पण एक ओळ वाचायला जितका वेळ लावते तितक्यात दुसऱ्या पोराचं पान होतं. बाकीचे चौघंही दुपारनंतर गायब. शाळा सुटली तशी मी स्कूटी आप्पासाहेबांच्या रानाकडं वळवली. त्यांची कपाशी मोठी, दुसरी वेचणी चालू. आत्याबाईंची टोळी तिथंच होती.

रूपा तिच्या आईच्या मागं वाकून वेचत होती. कमरेला ओढणीची झोळी, तिच्याच पोटाएवढी फुगलेली. मला बघून तिनं हात मागं घेतले. बोंडाची टोकं लागून बोटं सोलली होती.

"काय गं, आज आली नाहीस?"

ती आईकडं बघायला लागली. तिची आई उभी राहिली, कंबरेवर हात ठेवून मागं वाकली, मग म्हणाली, "मॅडम, राग नका धरू. मोठ्या सरांनीच सांगितलं. म्हणे उद्या पाव्हणे येनारेत, तुमची पोरगी दोन दिस ठिवा घरी. तिच्या म्होरंच म्हनले."

"मी नाही सांगितलं तसं."

"तुमचीच परीक्षा हाय म्हनं उद्या." तिनं पदरानं मान पुसली. "हिच्यापायी तुमचं काय बिघडाय नको. आमचं तर बिघडलेलंच हाय."

रूपानं एक बोंड घेतलं, कापूस ओढला आणि मुद्दाम, बघ मला येतंय की, असं झोळीत टाकला. मला तिच्याजवळ जाऊन काही तरी बोलायचं होतं. काय बोलणार? दीड वर्ष तिला म्हणत होते, तू मधी बस. आणि ज्या दिवशी लोक बघणार त्या दिवशी शाळाच तिला म्हणत होती, तू रानात बस.

बाभळीखाली सायली जागी होती. मी तिला घेऊन बांधावर बसले आणि पाजलं. आत्याबाई कपाशीच्या चार ओळी पलीकडं वाकलेल्या, पण त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"उद्या कितीला हाय?" त्यांनी न बघता विचारलं.

"अकराला."

"तू तुझ्या टायमावर जाय."

एवढंच. त्या पुढं गेल्या.

*

शुक्रवारी शाळेला मांडवासारखी कळा होती. कडुबा सरांनी फाटकाला झेंडूची माळ लावली होती. चौदा शाळांचे मिळून तीसएक शिक्षक, खुर्च्या कमी पडल्या म्हणून मागचे भिंतीला टेकून. केंद्रप्रमुख पुढं, शेजारी साहेबराव सर, आज इस्त्रीच्या शर्टात. वर्गात सतरा पोरं. पाच नव्हती, आणि अभय तापानं घरी.

"वही?" साहेबराव सरांनी हळूच विचारलं.

"टेबलावर आहे."

"झालं ना?"

"पाठ होऊ द्या सर."

मी सतरंजीवर पोरांना नेहमीसारखं बसवलं. मधल्या जागा रिकाम्या ठेवून. पडलेल्या दातांसारख्या त्या जागा दिसायला लागल्या. मागून कुणीतरी कुजबुजलं, "जवळ जवळ बसवा की." मी बसवलं नाही.

अकरा वाजून पाच मिनिटांनी फाटक वाजलं.

पुढं आत्याबाई, कडेवर सायली. मागं पाच पोरं रांगेत, केसांत कापूस, पायाला माती. त्यांच्या मागं रूपाची आई आणि धुरपदामावशी. कडुबा सर लगबगीनं दारात आडवे झाले.

"मनकर्णाबाई, आज नाय, आज नाय. पाहुणे हायेत."

"पाहुणे हायेत म्हणूनच आणली." आत्याबाईंचा आवाज रानात हाक मारायचा, तो वर्गात केवढा वाटला. "घरचं लेकरू उतरंडीमागं लपवून पाव्हण्याला ताट वाढायचं असतंय का, सर? सरका."

कुणीतरी हसलं. केंद्रप्रमुखांनी चष्मा काढला. "कोण आहेत ह्या?"

"माझ्या सासूबाई आहेत," मी म्हणाले. "आणि हा माझा वर्ग आहे. आता पूर्ण झाला."

पोरं आपापल्या जागी गेली. त्यांना सांगावं लागलं नाही. प्रत्येकाला आपले दोन शेजारी माहीत होते. रूपा सम्यकच्या शेजारी बसली आणि तिनं सोललेली बोटं मांडीखाली सारली.

मी फळ्याकडं वळले. पाठासाठी पुस्तक उघडलं नाही. रोजच्यासारखं विचारलं, काल काय झालं ते सांगा, मी लिहिते. पोरं तीस माणसांना बघून गप्प. मग रूपाच बोलली, खाली बघून.

"बोटाचं रक्त कापसाला लागलं का आई वरडती."

मी लिहिलं, तिनं म्हटलं तसंच. शब्द न् शब्द.

"कोण वाचतं?"

सतरा हात. त्यात तिचा नव्हता.

"रूपा, तुझंच वाक्य आहे."

ती उठली. 'बोटाचं' झालं. मग अडली. सम्यक तिच्या डावीकडं होता. उजवीकडची अभयची जागा रिकामी. एकीकडूनच ओढ. ती उभीच. मागं कुणी घड्याळ बघितलं, कुणी खोकलं. आणि दारात सायली कुरकुरली, तशी पुन्हा ती ओढ, पुन्हा ते दोन ओले गोल. ह्या वेळी हाताशी वही नव्हती. मी फळ्याकडं पाठ करू शकले असते. नाही केली. दिसू दे म्हटलं. बाई आहे, तान्ही आहे माझी पोर, दिसू दे.

"साहेबराव सर," मी म्हणाले, "इथं एक जागा रिकामी आहे. तुम्ही मार्गदर्शक आहात. या ना."

त्यांनी आधी केंद्रप्रमुखांकडं बघितलं, मग खुर्च्यांकडं. मला वाटलं येणार नाहीत. पण सगळे बघत होते, आणि न उठणं उठण्यापेक्षा जड होतं. इस्त्रीची पँट सावरत, गुडघ्यावर हात देत ते सतरंजीवर बसले. पोरं तोंडावर हात ठेवून हसली.

रूपानं पुढच्या शब्दावर बोट रोखलं.

"रक्त," साहेबराव सर म्हणाले. "रक्त आहे ते, बाळा."

रूपानं मान वळवली. पहिल्यांदाच वर बघितलं.

"सर, पूर्ण नाय सांगायचं."

"आं?"

"पयलं अक्षर फकत. पूर्ण सांगितलं का तुम्ही बाद."

सगळा वर्ग हसला. तीस माणसं मोकळी हसली. साहेबराव सर कानापर्यंत लाल झाले. सम्यकनं त्यांच्या शर्टाची बाही ओढली आणि समजुतीच्या आवाजात म्हणाला, "असू द्या सर, नवीन हायेत तुम्ही. पुढचा शब्द येऊ द्या."

पुढच्या शब्दावर ती पुन्हा अडली. सरांनी तोंड उघडलं, मिटलं. मग हळू म्हणाले, "का."

"का... प... कापसाला," रूपा म्हणाली. "कापसाला लागलं. का. आई. वरडती."

दारात तिच्या आईनं पदर तोंडात घातला होता.

चाळीस मिनिटांच्या पाठात आमची चार वाक्यं झाली.

*

नंतर चहा झाला आणि केंद्रप्रमुख बोलले. पाठ वेळेत बसला नाही. गट दिसले नाहीत. पुस्तकाचा वापर शून्य. पालक वर्गात आले, शिस्त बिघडली. "मुलांचा सहभाग चांगला," हेही म्हणाले, पण ते लिहून घेतलं नाही.

"बाकी ठीक. भेटींची वही द्या, शिफारस इथंच लिहून टाकू."

मी टेबलावरची वही घेतली. सगळ्यांचा चहा माझ्याभोवतीच चाललेला. मी वर्गात जाऊन रूपाला म्हणाले, "खोडरबर दे."

तिनं दिलं. अर्धं चावलेलं, कडेला काळं. मी ऑफिसच्या टेबलावर वही उघडली आणि पहिल्या रकान्यापासून खोडायला लागले. कचरा फुंकत. 'आसनव्यवस्थेबाबत मार्गदर्शन केले', गेलं. एकोणीस मार्च जरा जोर लावून खोडला. कागद चुरगळला. बोलणं एकेक करून थांबत गेलं.

"मॅडम, काय करायलात?" कडुबा सर.

बाराही रकाने पांढरे झाल्यावर मी पेन घेतलं. पहिल्या ओळीत आजची तारीख. काय पाहिलं: पाठ. काय मार्गदर्शन केले: 'सर विद्यार्थिनीशेजारी बसले व पहिले अक्षर दिले.' खाली सही केली, आणि वही साहेबराव सरांसमोर ठेवली.

त्यांनी ती दोनदा वाचली. मग खिशातून पेन काढलं आणि माझ्या सहीशेजारी आपली केली.

"एकच भेट?" केंद्रप्रमुख म्हणाले. "एका भेटीवर फाईल जात नाही. पडून राहील तुमची. किती दिवस ते मी नाही सांगू शकत."

"राहू द्या साहेब."

"उगं हट्ट करू नका. लहान लेकरू आहे तुम्हाला."

"म्हणूनच," मी म्हणाले. "अकरा भेटी राहिल्यात. सरांनी मंगळवारी यावं, मंगळवारी सकाळी वाचन असतं. अभयला बरं वाटलं तर दुसऱ्या कुणाच्या शेजारी बसवू. जागा आहे."

बाहेर पडताना पलीकडच्या शाळेवर नव्यानं लागलेली एक मुलगी माझ्या स्कूटीपाशी उभी होती. पर्सचा पट्टा मुठीत धरलेला. "मॅडम, पहिलं अक्षर किती दिवस द्यायचं?"

"ती नको म्हणेपर्यंत."

तिनं पर्सचा पट्टा सोडला. "माझ्याकडं पण वही आलीय. पेन्सिलीची."

मी तिला रूपाचं खोडरबर दिलं नाही, ते रूपाचं होतं. पण रविवारी घरी ये म्हणाले.

घरी आत्याबाई दारात पाय पसरून बसल्या होत्या, टाचांच्या भेगांत तेल भरत. आप्पासाहेबांनी पोरं आणि बाया वेचणी सोडून गेल्या म्हणून टोळीला उद्यापासून येऊ नका सांगितलं होतं.

"मग?"

"मग काय? कापूस काय त्याच्याच रानात फुटतो व्हय? धुरपदाच्या भावाची वेचणी हाय सोमवारपासून." त्यांनी सायलीला माझ्याकडं ढकललं. "राजकुमारचा फोन आलता. तू नोकरीवर पानी सोडलं म्हनला. मी म्हनलं, बाबा, पात सोडली नाय तिनं. तू मशीन बंद कर, मंग बोल."

*

मंगळवारी मी अभयला पलीकडं सरकवलं आणि रूपाच्या उजवीकडची जागा मोकळी ठेवली. पाचही आली होती. अकरा वाजले. साडेअकरा. एक मोटारसायकल आली, ती दुधवाल्याची. बारा वाजता मी वही काढली, दुसऱ्या रकान्यात तारीख टाकली आणि पेनानं एक ओळ लिहिली. सही केली.

रूपा मान लांब करून बघत होती.

"काय लिवलं, मॅडम?"

"वाच."

मी वही सतरंजीवर ठेवली. तिनं बोट ठेवलं. सम्यकनं श्वास घेतला, पण तिनं त्याला हातानं थांबवलं.

"देऊ नको. मला येतंय." ओठ हलले. बोट सरकलं. मग ती शेवटच्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात बोलली.

"भेट. झाली. नाही."

"बरोबर," मी म्हणाले, आणि वही मिटून खिडकीत ठेवली, पुढच्या मंगळवारी हाताशी येईल अशी.